साबण विद्यापीठाचा भोंगा

आमच्या विद्यापीठाच्या सगळ्यांत जुन्या इमारतीच्या छपरावर एक भोंगा आहे. तो रस्त्यावरून दिसतो, बसथांब्यावरून दिसतो, आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालतानाही दिसतो. दिसत नाही तो फक्त विद्यापीठाच्या कार्यालयात. म्हणजे खिडकीतून दिसतो, पण कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही, आणि कॉम्प्युटरमध्ये जे नाही ते वाजवता येत नाही, असं तिथल्या समन्वयक मुलीने मला अत्यंत नम्रपणे सांगितलं.

"सर, सिस्टिममध्ये भोंगा नाहीये."

"अगं, तुझ्या पाठीमागेच आहे. जरा मान वळव."

तिने मान वळवली, भोंग्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "हो सर, आहे. पण नाहीये."

मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. एखादी वस्तू एकाच वेळी असते आणि नसते असं होऊ शकत नाही, हे मी मुलांना घसा फोडफोडून सांगितलं, न समजणाऱ्यांना नापासही केलं. निवृत्तीनंतर माझ्याच विद्यापीठाने मला खोटं पाडलं. त्या नापास मुलांची आता मला जरा काळजी वाटते.

हे विद्यापीठ खाजगी. शहर संपून उपनगरही दमायला लागतं अशा जागी पूर्वी साबणाचा कारखाना होता. साबण खपेनासा झाला तेव्हा मालकांनी कामगारांना विचारलं, आता काय काढू? कामगार म्हणाले, आमच्या पोरांना जवळपास कॉलेज नाही. मालकांनी मशिनं विकली आणि कॉलेज काढलं. त्याचं यथावकाश विद्यापीठ झालं आणि मालक कुलपती झाले, तरी सगळे त्यांना मालकच म्हणत. जिथे साबण ओतत तिथे पदार्थविज्ञान, पॅकिंग खात्यात कला शाखा, आणि वड्या सुकवायच्या दालनात ग्रंथालय. सुरुवातीची काही वर्षं आमच्या पदवीधरांना लांबून वासावरून ओळखता यायचं. गाव आम्हाला साबण विद्यापीठ म्हणायचं. पावसाळ्यात भिंतींना फेस येतो अशीही अफवा होती. ती साफ खोटी. एकदाच आला होता.

मालकांना शिक्षणातलं काही कळत नव्हतं आणि ते तसं मोकळेपणाने सांगत. त्यांना शिफ्ट कळायची. कारखान्यात भोंगा झाला की कामगाराने मशिनवरून हात काढायचा, वडी अर्धी राहिली तरी राहू दे, कारण भोंग्यानंतर एकच वडी काढायला गेलेल्या एकाची बोटं गेली होती. हाच नियम त्यांनी जसाच्या तसा आम्हाला लावला. भोंगा झाला की वाक्य सोडायचं. कितीही महत्त्वाचं असो, त्या शब्दावर थांबायचं, खडू ठेवायचा आणि वर्गाबाहेर पडायचं. दुसऱ्या दिवशी पुढच्या शब्दापासून सुरुवात.

बाहेरच्यांना हे हास्यास्पद वाटायचं. आम्हाला मात्र त्याची इतकी सवय झाली की अर्ध्या वाक्यावर आम्ही शांतपणे झोपू शकत असू. एकदा मी फळ्यावर लिहून सांगत होतो, सर्व माणसं मर्त्य आहेत, आपले कुलसचिव माणूस आहेत, म्हणून आपले कुलसचिव... आणि भोंगा झाला. दुसऱ्या दिवसापासून मोठी सुट्टी लागली. कुलसचिव अख्खी सुट्टी अमर होते. मुलं त्यांना बाजारात गाठून अभिनंदन करायची आणि ते बिचारे कारण न कळता आभार मानायचे.

माझी बायको रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. म्हणजे तेव्हा माझी बायको नव्हती, नुसतीच सहायक होती. प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी तिला गाठून मी एका संध्याकाळी म्हणालो, "मला तुम्हाला असं विचारायचं होतं की," आणि भोंगा झाला. तिने पर्स खांद्याला लावली आणि सरळ चालती झाली. मालकांचा नियम. मी घरी येऊन जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याच दारात ती उभी होती. मला पाहून म्हणाली, "की?"

वाक्य पूर्ण करण्यावाचून मला गत्यंतर उरलं नाही.

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत संध्याकाळचा भोंगा वाजला की मी वर्गातलं वाक्य टाकून त्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहायचो आणि ती बाहेर यायची. मग आम्ही चालत घरी. एवढंच. यात सांगण्यासारखं काही नाही हे मला कळतं. पण आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी ताटकळलो, बसथांब्यावर, बँकेत, डॉक्टरांकडे. तसं उभं राहणं मला दुसरीकडे कुठे आवडलं नाही.

पुढे नवीन व्यवस्थापन आलं, भोंग्याच्या जागी मोबाइलवर संदेश येऊ लागले, आणि मागच्या वर्षाच्या आदल्या वर्षी ती गेली. भोंगा बंद झालेला असल्यामुळे तिचं शेवटचं वाक्य पूर्ण झालं. ते होतं, "गॅस बंद केलात का?" मी केला होता.

आता तुम्हाला माझा बेत सांगतो. मला एकदा, फक्त एकदा, संध्याकाळचा भोंगा वाजत असताना त्या मागच्या दाराशी उभं राहायचं होतं. ती येणार नाही हे मला ठाऊक आहे, तर्कशास्त्राचा माणूस आहे मी. पण भोंगा सुरू झाला की 'आता ती येईल' असं पोटात जे व्हायचं, ते परत एकदा व्हायला हवं होतं. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून मी अर्जावर विषय घातला, 'वर्धापनदिनानिमित्त ऐतिहासिक भोंगा वाजविणेबाबत'.

खरं कारण ओळखलं ते एकट्या मेहुणीने. ती आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते आणि ताई गेल्यापासून रोज सकाळी येऊन माझा फ्रिज तपासते. अर्जाची प्रत तिने फ्रिजवरच वाचली.

"भावोजी, ऐतिहासिक वगैरे राहू द्या," ती म्हणाली. "ताईची आठवण येते असं लिहा ना सरळ."

"विद्यापीठाला असं लिहितात होय?"

"मग कोणाला लिहितात?" असं म्हणून तिने माझं शिळं दही फेकून दिलं. मेहुणीशी वाद घालताना नेहमी माझं काहीतरी फेकलं जातं.

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. समोरच्या वहिनींचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला, मोबाइलवर भोंग्याचे आवाज फुकट मिळतात. त्यांनी लगेच तीन-चार वाजवूनही दाखवले. त्यांतला एक जहाजाचा होता आणि एक बहुधा हत्तीचा. सोसायटीच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं आणि भोंगा सोसायटीच्या हद्दीत ऐकू येणार असेल तर सोसायटीची परवानगी लागेल, असं बजावलं. मी म्हटलं, ऐकू तर मैलभर येतो. "मग मैलभराची लागेल," ते म्हणाले. वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात, त्यांना सगळे थिअरी म्हणतात, कारण त्यांनी दुरुस्त केलेली प्रत्येक वस्तू थिअरीत चालू असते. ते कागद-पेन्सिल घेऊनच आले. भोंगा हवेच्या दाबावर चालतो, म्हणजे कॉम्प्रेसर लागेल, झडप लागेल, आणि ते दोन्ही मी बघतो, असं सांगून त्यांनी माझे हात हातात घेतले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. कितीतरी दिवसांत त्यांना कोणी काही दुरुस्त करू दिलं नव्हतं. माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही.

कॉम्प्रेसर सापडला, पण कला विभागात. मुलांनी त्याला निळा रंग देऊन, वर एक खुर्ची उलटी बांधून त्याला 'श्वास' असं नाव दिलं होतं आणि बक्षीस मिळवलं होतं. विभागप्रमुख म्हणाल्या, ती आता कलाकृती आहे, तिच्यातून हवा काढणं म्हणजे तिचा अर्थ बदलणं. मी त्यांना म्हटलं, बाई, श्वास नाव आहे तर एकदा श्वास सोडू दे. हे वाक्य मी चिडून बोललो होतो, पण त्यांना ते फार खोल वाटलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि कॉम्प्रेसर दिला, खुर्चीसकट.

मग छपरावर चढलो तर भोंग्याच्या तोंडात कबुतराचं घरटं. घरट्याजवळ एक पाटी, 'संशोधन चालू आहे, शिवू नये'. पर्यावरण विभागाची एक विद्यार्थिनी त्या घरट्यावर पीएच.डी. करत होती. तिच्या मार्गदर्शकांकडे गेलो. ते माझेच एके काळचे विद्यार्थी, दोनदा नापास झालेले. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. पिल्लं उडाल्याशिवाय काही करता येणार नाही, म्हणाले.

"पण पिल्लं कधी उडतील?"

"सर, पिल्लं उडणार आहेत की नाहीत, हाच तर प्रबंधाचा विषय आहे."

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी दुर्बीण घेऊन गॅलरीत बसू लागलो. समोरच्या वहिनींनी आठवडाभर आपल्या खिडक्या लावून घेतल्या. शेवटी मेहुणीने जाऊन त्यांना सांगितलं की भावोजी कबुतरं बघतात. त्यावर वहिनी म्हणाल्या म्हणे, "या वयात सगळे असंच सांगतात." हा घाव अजून भरलेला नाही.

पिल्लं उडाली. प्रबंधाचं काय झालं ते मी विचारलं नाही.

राहता राहिलं पोलीस ठाणं. तिथल्या साहेबांनी आवाजाच्या परवानगीसाठी कारण विचारलं. लग्न, सभा, मिरवणूक, यांपैकी काय?

"यांपैकी काही नाही. भोंगा वाजवायचाय."

"आग लागणार आहे?"

"नाही."

"मग भोंगा कशाला?"

या प्रश्नाला माझ्याकडे खरं उत्तर होतं, पण त्या टेबलावर ठेवण्यासारखं नव्हतं. साहेबांनी अर्ज पुन्हा वाचला. "साबण विद्यापीठाचा का? तो भोंगा झाला की माझी आई दारात येऊन मला हाका मारायची. अंधार पडायच्या आत घरात." त्यांनी सही केली, शिक्का मारला, आणि जरा वेळ शिक्का हातातच धरून बसले. "एवढ्यात ऐकला नाही तो," ते म्हणाले. मी म्हटलं, मीपण नाही.

इथवर सगळं माझ्या एकट्याचं होतं. इथून पुढे विद्यापीठाला भोंगा आवडला. सगळ्या परवानग्या तयार मिळाल्यावर कोणाला आवडणार नाही? समन्वयक मुलीचा फोन आला की आता भोंगा सिस्टिममध्ये आहे, त्याला क्रमांक मिळालाय, आणि वर्धापनदिनाचा अख्खा कार्यक्रम त्याच्याभोवती बेतला आहे. मैदानावर मांडव, कुलगुरूंचं भाषण, सगळ्या जुन्या कर्मचाऱ्यांना आमंत्रण. शेवटी संध्याकाळच्या ठोक्याला भोंगा.

"आणि सर, बटण तुम्ही दाबायचंय. स्टेजवरून. कुलगुरूंची खास इच्छा आहे."

स्टेज मैदानाच्या एका टोकाला, प्रयोगशाळेचं मागचं दार दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे. भोंगा वाजायचा किती, तर माणसाचं ग्लासभर पाणी पिऊन होईल इतकाच. बटण मी दाबलं तर दाराशी मी नाही, आणि दाराशी मी उभा राहिलो तर बटण दाबायला मी नाही. या प्रकाराला तर्कशास्त्रात नाव आहे. ते त्या वेळी आठवलं नाही.

"दुसऱ्या कोणाला दाबू द्या ना," मेहुणी म्हणाली.

"काय कारण सांगू?"

"मला दाराशी उभं राहायचंय म्हणून सांगा."

"कुठल्या दाराशी, कशाला, सगळं विचारतील. त्या समन्वयक मुलीचं वय काय, माझं काय. तिला काय सांगू मी?"

मेहुणीने या वेळी काही फेकलं नाही. फ्रिजचं दार नुसतंच लावलं. मला ते जास्त लागलं.

वर्धापनदिनाला मी इस्त्रीचा शर्ट घालून स्टेजवर बसलो. समोर जुनी माणसं जमली होती. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या कानात यंत्र. ग्रंथपालबाई, शिपाई, गणिताचे सर, सगळे सुकलेल्या वड्यांसारखे थोडे थोडे लहान झालेले. पहिल्या रांगेत मेहुणी. आमच्या अमर कुलसचिवांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. छपरावर थिअरी हातात पाना घेऊन उभे होते आणि मधून मधून खाली हात हलवत होते.

वेळ झाली. माझं नाव पुकारलं गेलं. मी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं ही पूर्वतयारी आहे. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा छपरावरून थिअरी ओरडले, "थिअरीत वाजतोय."

कुलगुरू हुशार माणूस. त्यांनी माइक ओढून घेतला आणि वेळ भरून काढायला पुन्हा बोलायला लागले. मी खुर्चीत बसलो. खरं सांगायचं तर अपमानापेक्षा मला सुटल्यासारखंच वाटत होतं. भोंगा नाही तर नाही. दाराशी नसताना तो वाजण्यापेक्षा मुळीच न वाजलेला बरा, असा विचार मी करत होतो. कुलगुरू म्हणत होते, "आणि म्हणूनच या विद्यापीठाच्या उज्ज्वल भविष्याकडे पाहताना मला आज सर्वांत जास्त अभिमान कशाचा वाटत असेल तर तो..."

आणि भोंगा झाला.

आधी नुसती हवा, मग घरघर, मग तोच आवाज. छातीत घुसणारा. कुलगुरू नवीन होते, त्यांना मालकांचा नियम माहीत नव्हता, ते आवाज चढवून पुढे बोलत राहिले. पण समोर ग्रंथपालबाईंनी पिशवी उचलली. गणिताचे सर उठले. शिपाई उठला. काठ्या टेकत, खुर्च्या सरकवत सगळेच्या सगळे उठले आणि अर्ध्या वाक्यावर कुलगुरूंकडे पाठ करून फाटकाकडे चालायला लागले. कुलसचिवांनी आपली खुर्ची स्वतःच वळवली. कोणी कोणाला खूण केली नाही, ठरवलं तर मुळीच नव्हतं. पायांनाच ठाऊक होतं. कुलगुरूंचा चेहरा मी पाहिला, आणि मला त्यांचं वाईट वाटलं. पण मीही उठलो होतो.

पहिल्या रांगेतून मेहुणी हाताने मला सारखी खुणावत होती, जा, जा म्हणून.

मी निघालो. माझ्या गुडघ्यांबद्दल डॉक्टरांचं मत वेगळं आहे, पण मी जवळजवळ धावलो. पोचायच्या आत भोंगा थांबणार हे उघड होतं. मैदान अर्धं झालं, थांबला नाही. ग्रंथालय मागे पडलं, थांबला नाही. मागून थिअरींचा आवाज आला, "झडप अडकली, झडप." भोंगा वाजतच राहिला. कुत्री भुंकायला लागली, गॅलऱ्यांतून माणसं बाहेर आली, सोसायटीचे अध्यक्ष रस्त्यात कानांवर हात ठेवून माझ्याकडे बघत काहीतरी ओरडत होते. मैलभराची परवानगी घ्यायला हवी होती, असंच काहीतरी असणार.

मी मागच्या दाराशी पोचलो.

तिथे आता प्रयोगशाळा नाही. कॉफीचं दुकान आहे, आणि लाकडी दाराच्या जागी आपोआप उघडणारं काचेचं दार. मी माझ्या नेहमीच्या जागेवर उभा राहिलो आणि दार उघडलं. पोटात झालं. अगदी तसंच झालं. कोणी बाहेर आलं नाही. दार मिटलं. मी जरासा हललो, ते परत उघडलं. आतली मुलं कानात बोटं घालून बसली होती. दार उघडायचं, मी बघायचो, दार मिटायचं. भोंगा वाजत होता तोवर तिला उशीर झालेला नव्हता. सगळं उपनगर तो थांबावा म्हणून हात जोडत असेल; थांबू नये म्हणून म्हणणारा मी एकटा होतो. थिअरींच्या हाताला आयुष्यात कधी यश आलं नव्हतं, आज तरी येऊ नये असं मला मनापासून वाटत होतं.

आलं. आवाज खाली खाली उतरला, घरघरला आणि गेला.

मेहुणी धापा टाकत आली. "भावोजी, कुलगुरू तुम्हाला शोधतायत. त्यांना वाटतंय सगळ्यांनी बहिष्कार घातलाय. ते थिअरीकाका वर रडतायत. चला आता."

मला कळत होतं की जायला हवं. कुलगुरूंची समजूत घालायला हवी होती, थिअरींना खाली उतरवायला हवं होतं. पण भोंगा थांबला की ती लगेच कधीच बाहेर यायची नाही. ॲसिडचा वास जाईपर्यंत साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायची, पुसायची, हुंगून बघायची आणि मग यायची. तेवढा वेळ अजून होता.

"थांब जरा," मी म्हणालो. "ती हात धूत असेल."

मेहुणीने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. पदराने तोंड पुसलं.

"ताईला वेळ लागतोच," ती म्हणाली, आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.